जुन्या लॅपटॉपची पत्रिका

घरांतील एखादी वस्तु टाकावी केव्हां, हा प्रश्न आपल्या आजी-आजोबांना फारसा अवघड वाटत नसे. घंगाळाला भोंक पडलें तर तांबट तें सांधून देई, पितळेचें पातेलें कल्हई होऊन पुन्हां चुलीवर चढे, वडिलांचें घड्याळ मुलाच्या मनगटावर आणखी वीस वर्षें चाले. वस्तु मोडली आणि दुरुस्त होईना, म्हणजे ती टाकावी, इतका तो नियम साधा होता. हल्लीं मात्र एक निराळाच प्रकार घरांत शिरला आहे. वस्तु मोडलेली नाहीं, झिजलेली नाहीं, तिचा प्रत्येक अवयव शाबूत आहे. तरीहि 'हिचे दिवस भरले' असा निरोप परदेशांतून येतो, आणि आपण ती निमूटपणें माळ्यावर टाकतों.

असा एक मोठा निरोप १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं आला. त्या दिवशीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज १०' ह्या कार्यप्रणालीची नेहमींची देखभाल बंद केली. घरगुती ग्राहकांपैकीं ज्यांनीं वाढीव सुरक्षा-योजनेंत नांव नोंदविलें, त्यांच्यासाठीं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत ठेवली, इतकेंच. पुढची 'विंडोज ११' घ्यावी म्हटलें, तर तिच्या अटी कडक. संगणकांत 'टीपीएम २.०' नांवाची सुरक्षा-व्यवस्था हवी आणि प्रोसेसर ठराविक यादींतला हवा. इंटेलचा असेल तर, थोडे अपवाद सोडून, आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. ही आठवी पिढी २०१७ सालीं निघाली. म्हणजे मुलगी अभियांत्रिकीला गेली म्हणून, किंवा काकांच्या निवृत्तीच्या पैशांतून, २०१५-१६ च्या सुमारास हौसेनें घेतलेला लॅपटॉप कितीहि धडधाकट असला, तरी ह्या पंक्तीला त्याचें पान मांडलेलें नाहीं!

अशा वेळीं घरांतला एखादा नातू म्हणतो, "आजोबा, त्यावर लिनक्स घालूं." लगेच दुसरा कोणी म्हणतो, "छे! लिनक्सवर वायफाय चालत नाहीं." दोघांच्याहि बोलण्यांत थोडें थोडें तथ्य असतें. कोणत्या लॅपटॉपचें लिनक्सशीं जमेल आणि कोणत्याचें जमणार नाहीं, हें केवळ त्याच्या वयावर किंवा किंमतीवर ठरत नाहीं. तें कशावर ठरतें, आणि घरच्या घरीं तें कसें पारखावें, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मुक्त म्हणजे काय?

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. पडद्यावर अक्षर उमटविणें, डिस्कवर मजकूर जपून ठेवणें, कळफलकावरील प्रत्येक टिचकीची दखल घेणें, हीं सारीं कामें तो करवून घेतो. विंडोजचा कारभार कसा चालतो, ती वही कंपनीच्या तिजोरींत बंद आहे. लिनक्सची वही उघडी आहे. ती कोणीहि वाचावी, सुधारावी व दुसऱ्यास द्यावी. म्हणून तिला ओपन सोर्स किंवा मुक्त प्रणाली म्हणतात. ती बहुधा फुकट मिळते. परंतु फुकट मिळणें हा तिचा मुख्य गुण नव्हे.

ह्या चळवळीचा उगम एका प्रिंटरपाशीं आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एमआयटी ह्या विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेंत झेरॉक्स कंपनीचा एक नवा प्रिंटर आला. त्यांत कागद वरचेवर अडके. रिचर्ड स्टॉलमन हे तेथील एक प्रोग्रामर. आधींच्या प्रिंटरमध्यें कागद अडकला कीं संबंधितांच्या पडद्यावर सूचना जावी, अशी सोय त्यांनीं करून ठेवली होती. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्राम मात्र त्यांना मिळेना. ज्याच्याजवळ तो होता, त्यानें तो न देण्याचा करार केला असल्याचें सांगून नकार दिला. यंत्र जवळ, अडचण आपली, ती दूर करण्याचें ज्ञानहि आपल्यापाशीं. पण दाराला कुलूप दुसऱ्याचें! हा नकार स्टॉलमन यांच्या मनाला लागून राहिला. २७ सप्टेंबर १९८३ रोजीं त्यांनीं 'ग्नू' ह्या मुक्त प्रणालीची घोषणा केली.

त्या प्रणालीला हवा असलेला गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांच्याकडून मिळाला. हेलसिंकी विद्यापीठांतील ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें २५ ऑगस्ट १९९१ रोजीं आपल्या उद्योगाची वार्ता जाहीर केली. आपल्याजवळ आहे तसल्या हार्ड डिस्कखेरीज दुसऱ्या कशावर हें बहुधा कधींच चालणार नाहीं, असेंहि त्यानें तींत प्रांजळपणें लिहिलें होतें. आज तोच गाभा अँड्रॉइड फोनपासून जगांतील अत्यंत बलाढ्य महासंगणकांपर्यंत सर्वत्र चालतो. एका विद्यार्थ्याच्या यंत्रापासून बहुतेक सर्व यंत्रांपर्यंत तो कसा पोंचला, हें समजलें म्हणजे आपल्या प्रश्नाचें उत्तर सांपडतें.

दुभाष्याचें काम

लॅपटॉप एका कंपनीच्या नांवानें विकला जातो, पण तो एकट्या तिनें केलेला नसतो. प्रोसेसर एकाचा, वायफायची चिप दुसऱ्याची, कॅमेरा तिसऱ्याचा, बोटाचा ठसा ओळखणारें यंत्र चौथ्याचें. प्रत्येकाची बोली निराळी. कारभाऱ्याचा हुकूम त्या त्या बोलींत समजावून सांगणारा जो प्रोग्राम, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आपण त्याला दुभाषी समजूं. विंडोजसाठीं हा दुभाषी बहुधा चिप करणारा कारखानदार स्वतःच पुरवितो, कारण त्याचा माल तेथें खपावयाचा असतो. लिनक्सच्या बाबतींत तीन गोष्टी संभवतात. कारखानदार स्वतः ड्रायव्हर लिहून देतो. किंवा आपल्या बोलीचें व्याकरण तो प्रसिद्ध करतो व इतर लोक ड्रायव्हर लिहितात. किंवा तो यांपैकीं कांहींच करीत नाहीं. तिसऱ्या प्रकारांत लोकांना तें यंत्र विंडोजशीं कसें बोलतें तें बाहेरून ऐकत बसावें लागतें, आणि अंदाजानें एकेका शब्दाचा अर्थ लावावा लागतो. मोडी न शिकलेल्यानें जुनें दप्तर लावावयास बसावें, तसलेंच हें कष्टाचें काम!

लिनक्सवर वायफाय चालत नाहीं, हा प्रवाद पसरला तो ह्या तिसऱ्या प्रकारामुळें. ब्रॉडकॉम कंपनीच्या वायफाय चिपा पुष्कळ लॅपटॉपांत असत. पण त्यांची माहिती खुली नव्हती. लोकांनीं वर सांगितलेल्या रीतीनें ड्रायव्हर तयार केला, तो २००६ सालीं कर्नेलमध्यें आला. पुढें सप्टेंबर २०१० मध्यें कंपनीनें आपल्या त्या वेळच्या नव्या चिपांसाठीं स्वतःच मुक्त ड्रायव्हर दिला. पडद्यावरील चित्र सांभाळणाऱ्या ग्राफिक्स चिपांची हकीकतहि अशीच. एएमडी कंपनीनें २००६ सालीं एटीआय ही कंपनी विकत घेतली, आणि २००७ सालीं ग्राफिक्स चिपांचीं माहितीपत्रकें खुलीं करण्यास आरंभ केला. एनव्हिडियानें तसें केलें नाहीं. तेव्हां २०१२ सालीं फिनलंडच्या आल्टो विद्यापीठांतील एका कार्यक्रमांत टोरवाल्ड्स यांनीं त्या कंपनीला उद्देशून, कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत छापतां येणार नाहीं असा एक शब्द आणि एक हातवारा योजिला. मे २०२२ मध्यें त्या कंपनीनेंहि आपल्या अलीकडच्या चिपांच्या ड्रायव्हरचा कर्नेलमध्यें बसणारा भाग खुला केला.

ह्यांतून घेण्यासारखा बोध हा कीं, जो अवयव लिनक्सवर चालत नाहीं तो पुष्कळदां दुबळा नसतो. त्याचें व्याकरण कोणीतरी दडवून ठेवलेलें असतें. उलट, ज्याचें व्याकरण एकदां लोकांच्या हातीं आलें, त्याचा ड्रायव्हर कर्नेलमध्येंच राहतो, आणि कारखानदारानें तो माल काढणें थांबविलें तरी वर्षानुवर्षें टिकतो. कर्नेलच्या मूळ मजकुराचा निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांनींच व्यापिला आहे. म्हणूनच चार-पांच वर्षें जुना लॅपटॉप लिनक्सवर अनेकदां कालच आलेल्या लॅपटॉपपेक्षां सुखानें चालतो. लोणच्याप्रमाणें हेंहि मुरावें लागतें.

अवयवांची पाहणी

आतां एकेक अवयव पाहूं. प्रोसेसर, रॅम, कळफलक व डिस्क यांविषयीं चिंतेचें कारण फारसें नसतें. नवशिक्यांना सोयीची म्हणून प्रसिद्ध असलेली 'लिनक्स मिंट' ही आवृत्ति २ जीबी रॅमवर चालते व ४ जीबीवर बरी चालते. लॅपटॉपांत जुनी फिरत्या तबकडीची डिस्क असेल, तर ती बदलून एसएसडी बसवावी. तेवढ्या एका खर्चानें मंद झालेलें यंत्र पुन्हां हुशार होतें.

वायफायमध्यें इंटेलच्या चिपा बहुधा त्रास देत नाहींत. कांहीं रियलटेक चिपांसाठीं, विशेषतः बाहेरून यूएसबीला लावावयाच्या लहान डोंगलांसाठीं, ड्रायव्हर हातानें बसवावा लागतो. शिवाय अनेक चिपांना सुरू होतांना त्यांच्या कारखानदारानें दिलेला एक लहानसा बंद प्रोग्राम पुरवावा लागतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. डेबियन ही १९९३ पासूनची, नियमांत कडक अशी लिनक्सची आवृत्ति. असलें बंद फर्मवेअर ती आपल्या अधिकृत स्थापना-प्रतींत शिवूं देत नसे. परिणामीं फर्मवेअर नाहीं म्हणून वायफाय नाहीं, आणि वायफाय नाहीं म्हणून फर्मवेअर आणतां येत नाहीं, अशी कोंडी होई. २०२२ सालीं तिच्या सभासदांनीं मतदान करून हें सोवळें सैल केलें, आणि जून २०२३ मध्यें निघालेल्या बाराव्या आवृत्तीपासून ती अडचण पुष्कळशी दूर झाली.

ग्राफिक्स चिप इंटेल किंवा एएमडीची असेल तर सहसा वेगळें कांहीं करावें लागत नाहीं. एनव्हिडियाची असेल तर तिचा ड्रायव्हर निराळा घालणें इष्ट. यूएसबीच्या सर्वमान्य पद्धतीनें बोलणारे कॅमेरे लिनक्सवर २००८ पासून विनातक्रार चालतात. परंतु अलीकडच्या कांहीं सडपातळ लॅपटॉपांतील कॅमेरा यूएसबीनें न जोडतां प्रोसेसरच्या चित्र-विभागाशीं थेट जोडलेला असतो, आणि अशा कॅमेऱ्यांनीं लोकांना बराच काळ दमविलें आहे. बोटाचा ठसा घेणारीं यंत्रें हा सर्वांत बेभरंवशाचा अवयव. चाललें तर नशीब, न चाललें तर पासवर्ड आहेच. झांकण मिटल्यावर लॅपटॉप नीट झोंपतो कीं नाहीं, हेंहि पाहावें. नव्या पद्धतीच्या हलक्या झोंपेंत कांहीं लॅपटॉपांची बॅटरी रात्रभरांत बरीच उतरते.

गोत्र पाहावें, नांव नव्हे

स्थळ पाहतांना नुसतें आडनांव ऐकून कोणी होकार देत नाहीं. तसेंच येथें आहे. एकाच नांवाच्या लॅपटॉपांत एका खेपेला एक वायफाय चिप, तर दुसऱ्या खेपेला दुसरीच असूं शकते. म्हणून शेजारच्यांचा 'अगदीं असाच' लॅपटॉप लिनक्सवर चालतो, एवढ्यावर विसंबूं नये.

सुदैवानें अशा प्रत्येक अवयवाच्या अंगीं दोन क्रमांक कोरलेले असतात. एक कारखानदाराचा, दुसरा त्या मालाचा. पहिल्याला गोत्र म्हणावें, दुसऱ्याला व्यक्तीचें नांव. इंटेलचें गोत्र ८०८६ आहे. त्या कंपनीनें १९७८ सालीं काढलेल्या सुप्रसिद्ध प्रोसेसरचा तोच क्रमांक होता. विंडोजमध्यें डिव्हाइस मॅनेजर उघडून एखाद्या अवयवाच्या तपशिलांत 'हार्डवेअर आयडी' ही नोंद पाहिली कीं हे दोन्ही क्रमांक दिसतात. हे क्रमांक आणि 'लिनक्स' हा शब्द एकत्र शोधला, तर त्या अवयवाविषयींचा इतरांचा अनुभव बहुधा पांच मिनिटांत कळतो.

प्रत्यक्ष पारख

पत्रिका जुळली तरी प्रत्यक्ष पाहणी हवीच, आणि लिनक्सची मोठी सोय हीच कीं ती पाहणी लॅपटॉपला धक्का न लावतां करतां येते. आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्यावा. मात्र त्यांत जें असेल तें पुसलें जाईल, हें लक्षांत ठेवावें. लिनक्स मिंट किंवा उबुंटूची प्रत उतरवून घेऊन 'रूफस' सारख्या प्रोग्रामनें ती पेनड्राइव्हवर चढवावी. मग लॅपटॉप बंद करून, पेनड्राइव्ह लावून, तो सुरू होतांना त्या त्या कंपनीनें नेमलेली कळ दाबावी (एफ-१२, एफ-९, एस्केप, अशी ती निरनिराळी असते) आणि पेनड्राइव्हवरून सुरू करावा. लिनक्स समोर येतें, आणि जोंवर आपण 'इन्स्टॉल' करीत नाहीं तोंवर आंतली डिस्क जशीच्या तशी राहते.

मग घरांतील मंडळींनीं मिळून परीक्षा घ्यावी. वायफाय लागतें का? आकाशवाणी किंवा एखादें भावगीत लावून आवाज पाहावा. परगांवच्या मुलीशीं व्हिडिओवर बोलून कॅमेरा व माइक पाहावा. पडद्याचा उजेड कमीजास्त करावा, झांकण मिटून पुन्हां उघडावें, दूरचित्रवाणी संचाची तार जोडून पाहावी. घरांतील प्रिंटरवर एक पान काढावें. जाळ्याला जोडले जाणारे बहुतेक नवे प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरवांचून चालतात, जुने व स्वस्त लेसर प्रिंटर कधीं अडून बसतात. आजींना मराठी टंकलेखन लागत असेल तर त्याचीहि काळजी नको. इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक लिनक्सच्या बहुतेक आवृत्तींत अंगभूतच असतो. अर्धा तास ही तपासणी केली, म्हणजे कोणाच्या ऐकीव मतावर अवलंबून राहावें लागत नाहीं. वायफायच तेवढें चालेना, तर चालणारा एक लहान डोंगल आणून काम भागतें; तेवढ्यासाठीं सारा लॅपटॉप नाकारूं नये.

घालण्यापूर्वीं सावधगिरी

पसंती झाली तरी घाई करूं नये. लग्नाचे फोटो, मुलांचे निबंध, दप्तराचे कागद, सर्वांची नक्कल आधीं बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि ती उघडते कीं नाहीं हेंहि पाहावें. अनेक लॅपटॉपांची डिस्क 'बिटलॉकर' नांवाच्या कुलपानें बंद असते, व मालकाला त्याचा पत्ताहि नसतो. सुरुवातीच्या सेटिंगांत फेरफार केल्यास हें कुलूप ४८ आंकडी किल्ली मागतें. ती किल्ली आधींच शोधून कागदावर उतरून ठेवावी. लिनक्स सुरू झालें पण आंतली डिस्कच दिसेना, असें झालें तर घाबरूं नये. इंटेलच्या कांहीं लॅपटॉपांत डिस्क 'आरएसटी' पद्धतीनें जोडलेली असते, ती 'एएचसीआय' वर आणावी लागते. मात्र विंडोजहि ठेवावयाची असेल तर हा बदल जाणत्याकडूनच करून घ्यावा, नाहींतर ती सुरू होणार नाहीं. २०१२ पासून लॅपटॉपांत आलेली 'सिक्युअर बूट' ही चौकीदारी उबुंटू, फेडोरा, डेबियन अशा प्रमुख आवृत्तींना सहसा अडवीत नाहीं. निराळ्या घातलेल्या ड्रायव्हरला मात्र कधीं हटकते.

आणि सर्वांनींच लिनक्स घ्यावें, असेंहि आमचें म्हणणें नाहीं. ज्या घरांत टॅलीवर हिशेब चालतात तेथें विंडोजचा एक संगणक ठेवणेंच शहाणपणाचें, कारण टॅली विंडोजसाठींच केलेली आहे. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरणाऱ्या वकिलांनीं व हिशेबनिसांनीं आपल्या टोकनचा लिनक्सवरील ड्रायव्हर मिळतो कीं नाहीं, हें आधीं विचारून घ्यावें. वाचन, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास, बँकेचें संकेतस्थळ, गाणें ऐकणें, ह्या कामांना मात्र माळ्यावरचा लॅपटॉप उत्तम पुरतो.

नवा घेतांना विचारावें

खरी दक्षता घ्यावयाची ती नवा लॅपटॉप घेतांना. आपण रंग पाहतों, वजन पाहतों, सवलत किती तें पाहतों. आंतील वायफाय कोणाचें, ग्राफिक्स कोणाचें, हें विचारीत नाहीं. डेल कंपनीनें २००७ पासून आपल्या कांहीं लॅपटॉपांबरोबर लिनक्सच घालून देण्यास सुरुवात केली, आणि लेनोवोनेंहि पुढें तसेंच केलें. उबुंटूच्या चालकांकडून तपासून प्रमाणित झालेल्या लॅपटॉपांची यादीहि प्रसिद्ध होते. त्या यादींतील लॅपटॉप घेऊन आपण विंडोज वापरली, तरी नुकसान कांहींच नाहीं. उलट दहा वर्षांनीं असाच एखादा निरोप आला, तर दुसरी वाट मोकळी राहते. केरळांतील सरकारी शाळा कित्येक वर्षें मुक्त प्रणालीवर संगणकशिक्षण देत आल्या आहेत, आणि तेथील 'काइट' ही राज्याची संस्था उबुंटूच्या आधारें शाळांसाठीं स्वतःची आवृत्ति तयार करते. एका राज्याच्या लक्षावधि मुलांना जें जमतें, तें सुशिक्षित कुटुंबांना अवघड वाटण्याचें कारण नाहीं.

वायफायची चिप चालते कीं नाहीं, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. पण त्याच्या मुळाशीं एक मोठा प्रश्न आहे: पैसे मोजून घरांत आणलेल्या वस्तूचा मालक कोण? जिचें व्याकरण खुलें आहे, तिचें आयुष्य किती, हें ती वापरणारा आणि दुरुस्त करणारा ठरवितो. जिचें व्याकरण बंद आहे, तिचें आयुष्य कोणीतरी परस्पर ठरवून टाकतें. खरेदीच्या वेळीं ग्राहक विचारूं लागले, तर दुकानदार कंपनीला विचारील, आणि कंपनीलाहि उत्तर द्यावें लागेल. तोंवर निदान एवढें करावें. येत्या रविवारीं माळ्यावरचा तो लॅपटॉप खालीं काढावा, धूळ पुसावी, एक पेनड्राइव्ह लावावा, आणि भंगारवाल्याला हांक मारण्यापूर्वीं त्याचें कोठें जमतें का, तें पाहावें.